अंगणातले टाके आणि सारमेयाचे पाणी

कुत्र्यासाठी अंगणात पाण्याचे टाके करावे का, हा विषय मराठीच्या अध्यापकांनी लेखनासाठी घ्यावा असा नाही, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या स्टाफरूममध्येही तसे वाटणारे पुष्कळ आहेत. परंतु गेल्या दोन उन्हाळ्यांत ह्या एका टाक्यावरून आमच्या आसपास जेवढा वाद झाला, तेवढा अभ्यासमंडळाने बदललेल्या पाठ्यपुस्तकावरूनही झाला नाही. त्या वादात जे मुद्दे आले त्यांचे मूळ कुत्र्यांत कमी आणि आपल्या भाषेत, वाङ्मयात व समाजाच्या पाण्याच्या इतिहासात अधिक आहे, असे आमचे मत झाले. म्हणून हे टिपण.

आम्ही तिघे वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो. अकोला, नागपूर, चंद्रपूर ही नावे त्या दिवसांत वृत्तपत्रांच्या हवामानाच्या चौकटीत रोज वाचायला मिळतात. नळ चार दिवसांनी येतो. घराघरांच्या खिडक्यांना कूलर लागलेले असतात, आणि त्या कूलरमधून ठिबकणाऱ्या पाण्याने खिडकीखाली जो वीतभर चिखल होतो त्यात गल्लीतले एखादे कुत्रे पोट टेकवून, जीभ बाहेर टाकून दुपारभर पडलेले असते. कुत्र्याला काय हवे आहे हे समजून घ्यायला पशुवैद्यकाच्या पुस्तकाची गरज नाही. त्या चिखलाकडे पाहिले तरी पुरे.

तरी शास्त्रही थोडे पाहावे. माणसाच्या अंगभर घाम सुटतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला ही सोय नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत, आणि त्यांनी फारसे भागत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापणे. बाहेरची हवाच जेव्हा अंगापेक्षा तापलेली असते तेव्हा धापून तरी किती निवणार? कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या पुढे गेले की जिवावर बेतते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे हाल तर पाहवत नाहीत. २००३ च्या सुमारास दूरदर्शन संचावरील मोबाइलच्या एका जाहिरातीत असा एक पग आला, आणि विदर्भातल्या टिनाच्या छपरांखालीही ती जात पाळण्याची हौस पोहोचली. त्या श्वानाचे नाक आमच्या उन्हासाठी घडलेले नव्हते, हा विचार हौसेत राहून गेला.

तेव्हा कुत्र्याला पाण्यात बसायला जागा असावी, ही गरज खरी आहे. प्रश्न आहे तो तिच्या रूपाचा. मोठ्या शहरांत हल्ली श्वानांसाठी जलतरण तलाव निघाले आहेत. त्यांची छायाचित्रे पाहून आमच्या गावच्या एका सधन गृहस्थांनी अंगणात वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि चार फूट खोल असा तलाव बांधण्याचे मनावर घेतले होते. साधा गुणाकार केला तरी हे साडेबावीस हजार लिटर पाणी होते. एका कुत्र्यासाठी! शिवाय प्रत्येक कुत्रे उपजत पोहणारे असते हा समजही खरा नाही. पग, बुलडॉग, आखूड पायांचा डॅशहुंड ही मंडळी खोल पाण्यात चटकन बुडतात. उन्हाने कासावीस झालेल्या कुत्र्याला पोहायचे नसते, पोट भिजवायचे असते. त्याला वीतभर पाणी पुरे.

आम्ही केले ते इतकेच. गंजलेल्या कूलरचा सांगाडा भंगारात गेला आणि त्याच्या तळाची फायबरची टाकी ठेवून घेतली. अडीच फूट लांब, दोन फूट रुंद. कडुनिंबाखाली जमीन थोडी उकरून, खाली वाळू पसरून ती अर्धी पुरली, म्हणजे कुत्र्याला उडी मारावी लागत नाही आणि बाजूची माती पाण्याला गार ठेवते. आत-बाहेर जायला दोन विटांची पायरी, आणि पाय घसरू नये म्हणून तळाशी बारदानाचा तुकडा. सहा इंच पाणी भरले की सत्तर लिटर होते. ज्यांच्याकडे मोठे कुत्रे आहे त्यांनी विटांचे तीन थर चुन्या-सिमेंटाशिवाय नुसते गोल रचावेत, आत बारदान अंथरावे आणि त्यावर शेततळ्याला वापरतात त्या पाचशे मायक्रॉनच्या कागदाचा उरलासुरला तुकडा पसरून कडा विटांखाली दाबाव्यात. चार फूट व्यासाच्या अशा टाक्यात नऊ इंच पाणी घेतले तर सुमारे २६५ लिटर लागते. मुलांचे हवा भरायचे रबरी तळे मात्र कोणी आणू नये. पहिल्याच दिवशी नखांनी त्याची चाळण होते. काळा कागद उन्हात घातला तर दुपारी त्यात कुत्रे नव्हे, अंडी उकडतील, सावली हवीच.

आणि डास. कूलरच्या टाकीत डेंग्यूचे डास होतात हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे, तेव्हा हा आक्षेप आधीच निकालात काढलेला बरा. एडिस डासाचे अंड्यापासून पंखांपर्यंतचे आयुष्य आठ-दहा दिवसांत पुरे होते. दर तिसऱ्या दिवशी टाके रिकामे केले तर त्याला ती संधीच मिळत नाही. मात्र नुसते पाणी ओतून टाकून चालत नाही. त्याची अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात, म्हणून नारळाच्या शेंडीने कडा घासाव्या लागतात. साबण, फिनाइल काही नको, कारण कुत्रे ज्यात बसते तेच पाणी पिते. उपसलेले पाणी अळूच्या आणि केळीच्या आळ्यात जाते.

हिशोब इथपर्यंत आला की स्टाफरूममधला मूळ आक्षेप पुढे येतो. माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही कुत्र्यांना जलविहार घडवता?

हा आक्षेप दोन निरनिराळ्या तोंडांतून येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा असतो. आपण वाङ्मयाचे विद्यार्थी असल्यामुळे बोलणारा कोण, हे पाहिल्यावाचून वाक्याचा अर्थ लावणे आपल्याला शोभत नाही. ज्यांच्या दारात रोज सकाळी नळीने मोटार धुतली जाते, ज्यांच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली तरी कोणी उठत नाही, त्यांच्या तोंडी हे वाक्य आले की आम्ही ते मनावर घेत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले तेव्हाही अशी घरे आपापल्या गावी नळी सोडूनच होती. दुसऱ्याच्या तहानेचा उपयोग ते केवळ प्रतिवादासाठी करतात. त्यांना उत्तर आकड्यांतच द्यावे. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये ग्रामीण भागासाठी धरलेले प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. आमच्या कूलरच्या टाकीतले सत्तर लिटर तीन दिवस पुरते, म्हणजे रोजचे तेवीस-चोवीस लिटर, आणि तेही शेवटी झाडाला जाते. चार फुटी टाके एकदा भरायचे म्हणजे जवळजवळ पाच माणसांचा एका दिवसाचा वाटा. आमच्या गावात आम्ही तेवढे मोठे टाके करणार नाही. ज्यांच्या विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी आहे त्यांनी खुशाल करावे. साडेबावीस हजार लिटरच्या तलावाबद्दल आम्हांला काही म्हणायचे उरत नाही. तो आकडाच बोलतो.

दुसरे तोंड निराळे. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रेमानंद गज्वी ह्यांच्या ‘घोटभर पाणी’ ह्या एकांकिकेच्या अनुषंगाने पाण्याच्या प्रश्नावर चर्चा चालू होती. आमच्यापैकी एकाच्या अंगणातील टाक्याची वार्ता वर्गात पोहोचलेली होतीच. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, “सर, चवदार तळ्यावर कुत्र्याला बंदी नव्हती.” एवढे बोलून तो बसला. वर्गात कोणी हसले नाही.

ह्या वाक्यापुढे आकडे निरुपयोगी आहेत. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्या पाण्याची पुढे ‘शुद्धी’ करण्यात आली. न्यायालयातला दावा १९३७ पर्यंत चालला. तळ्यावर गुरे जात, कुत्री जात, परधर्मीय जात. अडवले जात होते ते फक्त अस्पृश्य मानलेले हिंदू. जनावराला पाणी पाजण्याच्या पुण्याईचे गोडवे गाणाऱ्या संस्कृतीने हे केले, ही गोष्ट कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. भूतदया आणि अस्पृश्यता ह्या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच माणसाच्या ठिकाणी शेकडो वर्षे गुण्यागोविंदाने नांदल्या आहेत. तेव्हा ‘आम्ही मुक्या प्राण्यांची कदर करतो’ एवढ्यावरून कोणाच्या माणुसकीचा दाखला देता येत नाही.

आम्हांला हे वाक्य अधिक टोचते त्याचे आणखी एक कारण आहे. श्वानप्रेमाची जी नवी घरे आम्ही पाहतो, त्यांतल्या कितीतरी घरांत कामाला येणाऱ्या बाईंसाठी चहाचा कप अजून वेगळा असतो. तो ओट्याच्या कोपऱ्यात किंवा मागच्या खिडकीच्या चौकटीवर उपडा घातलेला असतो. आणि ह्याच बाईंनी कुत्र्याचे टाके घासायचे असते. सुटीतल्या कामाच्या यादीत ‘डॉगीचा टब’ अशी एक ओळ वाढते, पगार वाढत नाही. कुत्र्याचे टाके ही चैन की गरज, ह्यावर आम्ही पुष्कळ बोललो, पण ते घासतो कोण हा प्रश्न आम्हांला त्याहून मोठा वाटतो. आमचे मत स्पष्ट आहे. टाके ज्याने केले त्याने स्वतः ते तिसऱ्या दिवशी घासावे. आणि ज्या घरात वेगळा कप आहे, त्या घराने कुत्र्याच्या टाक्याआधी त्या कपाचे पाहावे.

मग टाके करूच नये का? आमच्या विद्यार्थ्याच्या वाक्याचा असा अर्थ लावणे सोपे आहे, पण तो त्याने लावलेला नाही आणि आम्हीही लावत नाही. महाडला मागणी होती ती माणसांना पाणी मिळण्याची. कुत्र्यांना हाकलण्याची नव्हती. महाराष्ट्रात घरच्या पाण्याचा विचार करताना आम्हांला १८६८ साल आठवते. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुण्यात हौद तेव्हा काही थोडे नव्हते. पेशवाईत कात्रजहून नळाने पाणी आणून शहरभर हौद बांधले गेले होते, आणि त्यांची नावे आजही पेठांच्या पत्त्यांत आहेत. परंतु सार्वजनिक म्हणवणाऱ्या त्या हौदांनी जे केले नाही ते एका घरच्या खासगी हौदाने केले. अंगणातले पाणी कोणासाठी, हा प्रश्न त्या दिवसापासून मराठी घरांपुढे आहे. त्यात कुत्रे शेवटी येते, हे खरे. पण ते येते.

आपल्या वाङ्मयाने त्याला कसे वागवले तेही पाहण्यासारखे आहे. भाषेने तर त्याचे हालच केले. कुत्र्याचे जिणे, कुत्र्याची मौत, कुत्रे हाल खाणार नाही, भाड्याच्या भाकरीपाठी धावणारे कुत्रे: अपमानाचा असा एकही मासला नाही की ज्यात ह्या प्राण्याला राबवलेले नाही. त्याउलट कथांनी त्याला पार स्वर्गाच्या दारापर्यंत नेले. महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकायला नकार देतो. दत्ताच्या पायांशी चार श्वान आहेत आणि परंपरा त्यांना चार वेद मानते. खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. नामदेवांच्या कथेतले कुत्रे भाकरी पळवते आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. गंमत अशी की ह्या प्रत्येक कथेत कुत्रे हे शेवटी कुत्रे राहत नाही. ते धर्म होते, वेद होते, विठ्ठल होते. देव निघाल्याशिवाय त्याला तूप नाही. एकनाथांच्या कथेतल्या गाढवाचे आम्हांला म्हणूनच अप्रूप वाटते. रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत त्याच्या तोंडात रिती केली, आणि त्या क्षणी ते गाढव तहानलेले गाढवच होते. लगेच पुढच्या कीर्तनकारांनी त्यालाही रामेश्वर करून टाकले, तो भाग सोडा.

कुत्र्याचा आणि पाण्याचा संबंध मात्र ह्या सर्वांहून जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०८ व्या सूक्तात इंद्राची दूती सरमा चोरलेल्या गाईंच्या शोधात पणींकडे जाते, आणि पणी तिला जे विचारतात त्यात रसा नदीचे पाणी तू कसे ओलांडलेस, हाही प्रश्न आहे. आपल्या वाङ्मयातील बहुधा सर्वांत जुनी नामांकित कुत्री अशी नदी पार करून आलेली आहे. तिच्यावरूनच कुत्र्याला ‘सारमेय’ हे भारदस्त नाव मिळाले. मराठीत ते आता विनोदापुरतेच उरले आहे. विनोदी लेखकांनी कुत्र्यापेक्षा त्याच्या मालकाची टर उडवली, आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘पाळीव प्राणी’नंतर कुत्रे पाळणारा मराठी माणूस काहीसा ओशाळाच झाला. आमच्यावरही स्टाफरूममध्ये त्याच लेखाचे बाण सुटतात. ते चांगले बाण आहेत. आम्ही त्यांचा आनंद घेतो.

आणखी एक शब्द येथे नोंदवावासा वाटतो. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते, असा सार्वत्रिक समज आहे, आणि म्हणून टाक्यात बसणारे कुत्रे निर्धोक असे शेजारी आम्हांला समजावून सांगतात. सुश्रुताने ज्याला ‘जलत्रास’ म्हटले तो पाण्याचा धसका हे रोग जडलेल्या माणसाचे लक्षण आहे. पिसाळलेल्या कुत्र्यात ते दिसेलच असे नाही. असे कुत्रे पाण्यात उतरूही शकते. तेव्हा टाके हा काही लशीला पर्याय नाही. लस दरवर्षी टोचावीच लागते, आणि लांब कानांच्या कुत्र्याचे कान पाण्यातून आल्यावर पुसावे लागतात, नाही तर ते चिघळतात.

गल्लीतल्या बेवारशी कुत्र्यांचे काय, हा प्रश्न उरतो. २०२५ च्या ऑगस्टपासून सर्वोच्च न्यायालयात ह्या विषयावर जे आदेश झाले आणि बदलले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये शैक्षणिक संस्थांच्या आवारातून अशी कुत्री हलविण्याचा जो आदेश झाला, त्यांची चर्चा सर्वत्र चालू आहे. कुत्रे चावलेल्या लेकराच्या आईला आम्ही भूतदया शिकवणार नाही. पण ती कुत्री जिथे कुठे ठेवली जातील तिथे सावली आणि पाणी असेल का, हे विचारण्याचा अधिकार आम्ही सोडत नाही. रायगडावरील वाघ्याच्या समाधीवरून २०११ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! दगडी कुत्र्यावर एवढे बोलणाऱ्यांपैकी निवाऱ्यातल्या जिवंत कुत्र्यांच्या पाण्याबद्दल कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

आमच्या फाटकाबाहेर आता एक मातीचे पसरट भांडे असते, रोज सकाळी भरलेले. त्याच्याशेजारी रांजण आहे, त्यावर झाकण आणि ओगराळे. रांजण वाटसरूंचा, भांडे कुत्र्या-गाईंचे. भाजीवाले, कचऱ्याची गाडी घेऊन येणारे, शाळेची पोरे त्यातून पाणी पितात. रांजणाला पेले दोन ठेवले आहेत आणि दोन्ही सारखे आहेत. तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी मे महिन्यात कार्यानुभवाची वही सही करून घ्यायला घरी आला होता. त्याने रांजणातले पाणी घेतले, मग आत येऊन कडुनिंबाखालचे टाके पाहिले. कुत्रे त्यात बसलेले होते. “ह्याला पूल म्हणतात?” त्याने विचारले. आम्ही म्हटले, टाकं म्हणतात. मग त्याने वही पुढे केली.